सोयाबीनच्या खोडातला कोळसा

२०२३च्या पोळ्याला मी गावी होते. त्या वर्षी ऑगस्ट कोरडा गेला होता. देशात १९०१पासून पावसाच्या नोंदी आहेत, त्यातला तो सगळ्यात कोरडा ऑगस्ट. आभाळ रोज भरून यायचं आणि तसंच निघून जायचं. सप्टेंबरात पाऊस परतला तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता शेंगा भरतील. पण आमच्या वावरात मुरमाड चढावर आधी एक पिवळा पट्टा दिसला, आणि आठवडाभरात तो उतरत उतरत धुऱ्यापर्यंत आला.

मोठेबाबांनी, म्हणजे माझ्या थोरल्या काकांनी, एक झाड उपटून माझ्या हातात दिलं.

"पाह्य वं बाई. मोझ्याक मोझ्याक म्हणून दोन फवारे मारले. काहीच फरक नाही पडला. तू याचंच शिकली ना? मंग सांग, काय हाय हे?"

मी वनस्पती रोगशास्त्र शिकले. पण परीक्षेत चित्र ओळखणं निराळं आणि ज्या वावरावर आपलं शिक्षण झालं त्या वावरातलं झाड ओळखणं निराळं. मी विळ्यानं खोड मुळापासून वर उभं चिरलं. आतला पांढरा गाभा राखाडी झाला होता. सालीखाली मिऱ्याची बारीक पूड भुरभुरावी तसे काळे ठिपके होते. बोटानं घासलं तर बोट काळं झालं.

"हे तं आतून जयलं," मोठेबाबा म्हणाले.

जयलं म्हणजे जळलं. त्यांनी रोगाचं नावच सांगितलं होतं. इंग्रजीत याला 'चारकोल रॉट' म्हणतात, म्हणजे कोळशासारखी सड. आपल्याकडे कृषी विभागाच्या पत्रकांत तो खोडकूज, मूळकूज किंवा नुसता चारकोल रॉट या नावांनी येतो. मुळाशी असते एक बुरशी: मॅक्रोफोमिना फॅसिओलिना. तिला ऊन आवडतं. बहुतेक बुरश्यांना दमट गारवा मानवतो, हिला तहानलेली जमीन आणि तापलेली माती मानवते. आणि क्वचित, फारच क्वचित, ती माणसालाही लागते. त्या दिवशी मोठेबाबांना बांधावर बसून जे सांगितलं तेच इथे जरा नीट लावून सांगते आहे.

आधी नावांचा गुंता सोडवू, कारण औषधाच्या डब्यावर एक नाव असतं आणि पत्रकात दुसरं. ही बुरशी दोन रूपांत भेटते. एका रूपात ती खोडावर बारीक फोडांसारख्या पेट्या करते आणि त्यांत बीजाणू तयार होतात. त्या रूपाचं नाव मॅक्रोफोमिना. दुसऱ्या रूपात बीजाणू नसतातच, नुसते धागे आणि काळे कण. त्या रूपाला रायझोक्टोनिया बटाटीकोला म्हणत. हे नाव भारतात वनस्पती रोगशास्त्राचा पाया घालणाऱ्या एडविन बटलर यांच्याशी जोडलेलं आहे. त्यातल्या 'बटाटी'चा आपल्या बटाट्याशी काय संबंध, असं मला विद्यार्थीदशेत वाटायचं. तो बटाटा म्हणजे रताळं. पोर्तुगीज लोक रताळ्याला 'बटाटा' म्हणत, तोच शब्द आपल्याकडे येऊन दुसऱ्याच कंदाला चिकटला. बुरशीची ओळख आधी सडक्या रताळ्यात पटली म्हणून हे नाव. तेव्हा हरभऱ्याच्या पत्रकात 'रायझोक्टोनिया बटाटीकोला' आणि सोयाबीनच्या पत्रकात 'मॅक्रोफोमिना' वाचलं तर दोन वेगळे शत्रू समजू नका. तो एकच आहे.

जुन्या ज्वारी पिकवणाऱ्यांना तर तो कधीचाच माहीत आहे. त्यांनी त्याला खडखड्या म्हटलं. दाणा भरताना पाणी तुटलं की ज्वारीचं धांडं खालून पोकळ होतं, वारा आला की खडखडतं आणि आडवं पडतं. कुणाही शास्त्रज्ञाच्या नावापेक्षा मला हे नाव जास्त अचूक वाटतं. त्यात रोग आहे, ऋतू आहे आणि आवाजही आहे.

आता त्या काळ्या ठिपक्यांकडे येऊ, कारण सगळी मेख तिथे आहे. शास्त्रीय भाषेत त्यांना मायक्रोस्क्लेरोशिया म्हणतात. मी 'काळे कण' म्हणेन. बुरशीचे पन्नास ते दोनशे पेशींचे धागे एकमेकांत गुरफटतात, घट्ट गोळी होते आणि तिच्यावर मेलॅनिनचं काळं कवच चढतं. आपल्या कातडीला आणि केसांना रंग देणारं मेलॅनिन, त्याच कुळातलं. एका कणाची रुंदी साधारण एक-दोन केसांएवढी. त्यात भविष्यासाठी शिधा भरलेला असतो. झाड मेलं, काड्या जमिनीत मिसळल्या की हे कण मातीत पडून राहतात. कोरड्या मातीत ते वर्षानुवर्षं तग धरतात: दोन वर्षांपासून ते तब्बल पंधरापर्यंत अशा नोंदी आहेत. आपण जमिनीला 'काळी आई' म्हणतो. तिच्या कुशीत असे लाखो कण निजलेले असतात.

ते जागे कशाने होतात? मुळांनी. उगवत्या झाडाची मुळं मातीत साखर, आम्लं असे पदार्थ झिरपवत असतात. त्याची चाहूल कणाला लागली आणि माती तापलेली असली की कणातून धागे फुटतात आणि मुळाला चिकटतात. या बुरशीची वाढ ३० ते ३५ अंश सेल्सियसला सगळ्यात जोमात होते. म्हणजे बहुतेक बुरश्यांना नकोशी वाटते अशा तापलेल्या मातीत ही खुशीत असते. बऱ्याचदा ती झाडाच्या मुळात रोपावस्थेतच, जून-जुलैत, शिरलेली असते. पाऊस नियमित असला तर ती तिथे गप्प बसून राहते. झाड वाढतं, फुलतं, कास्तकाराला काहीच कळत नाही.

मग पाण्याचा खंड पडतो. तोही नेमका शेंगा भरायच्या वेळी. झाडाची सगळी साखर शेंगांकडे निघते आणि मुळांच्या वाट्याला थोडीच उरते. पाणी कमी, मूळ अर्धपोटी. अशा वेळी झाडाची रोग अडवायची ताकद खचते. बुरशीचं मात्र उलट आहे. बहुतेक बुरश्या ज्या कोरड्या मातीत हातपाय गाळतात तिथेही ही वाढू शकते. ती पेशींच्या भिंती विरघळवणारे रस सोडते, विषारी पदार्थही सोडते आणि पाणी वर चढवणाऱ्या नळ्यांत घुसते. त्या नळ्यांत काळे कण तयार होऊ लागले की नळ्या तुंबतात. झाडाला वरून पाणी मिळत नव्हतंच, आता खालूनही बंद.

म्हणून सप्टेंबरात पाऊस परतल्यावरही आमचं सोयाबीन उठलं नाही. मोठेबाबांना हेच पटत नव्हतं. "पाणी तं पडलं ना, मंग काहून वायलं?" पाणी जमिनीत होतं. झाडाच्या नळ्यांत ते चढूच शकत नव्हतं.

त्या वर्षी विदर्भात सोयाबीन पिवळं पडण्याची कारणं एकाहून जास्त होती. पिवळा मोझॅकही होताच. पण दोन्हींत फरक करता येतो आणि तो करायला हवा, कारण चुकीच्या फवाऱ्यात पैसा जातो. मोझॅक हा विषाणू, तो पांढरी माशी पसरवते. त्यात पानावर हिरवे-पिवळे चट्टे दिसतात, कोवळ्या पानांवर आधी. खोड चिरलं तर आतून स्वच्छ. चारकोल रॉटमध्ये पान एकसारखं पिवळं होतं, मग तपकिरी, आणि वाळूनही देठाला लटकून राहतं, गळत नाही. बुंध्याजवळची साल सहज निघते आणि आत ती काळी पूड. चक्रीभुंगा किंवा खोडमाशी असेल तर खोडात पोकळ बोगदा सापडतो, अळी सापडते. तेव्हा दुकानात जायच्या आधी पाच-सहा झाडं उपटा आणि चिरा. विळ्याला पैसे पडत नाहीत.

हरभऱ्यातही हीच गफलत होते. फेब्रुवारीत ऊन चढलं की फुलावर-घाट्यावर आलेला हरभरा मधूनमधून वाळतो आणि आपण सरसकट म्हणतो 'मर लागली'. मर ही फ्युजेरियम नावाच्या निराळ्या बुरशीने येते. तीत झाडाची पानं आधी माना टाकतात, मूळ वरून ठीक दिसतं आणि खोड चिरलं की आत काळपट-तपकिरी रेघ दिसते. आपल्या या उन्हाळी बुरशीने येते ती कोरडी मूळकूज. तीत झाड गवतासारखं फिकट वाळतं, आणि उपटायला गेलं की सोटमूळ काडीसारखं कट्कन तुटून जमिनीतच राहतं. बाजूची बारीक मुळं झडून गेलेली असतात. हैदराबादजवळच्या इक्रिसॅट संस्थेतले शास्त्रज्ञ बरीच वर्षं सांगत आहेत की उन्हाळा जसा लवकर येतो आहे तशी हरभऱ्यात ही कोरडी मूळकूज वाढते आहे. ज्या गावात फेब्रुवारीतच दुपारी बाहेर पडवत नाही, तिथल्या माणसाला हे पटवून द्यावं लागत नाही.

सोयाबीन, हरभरा, तूर, ज्वारी, तीळ, मूग, उडीद, भुईमूग, सूर्यफूल, कपाशी: ही बुरशी पाचशेहून जास्त जातींच्या वनस्पतींवर जगते. पिकांची फेरपालट करा असं आम्ही सांगतो, आणि सांगायलाच हवं, पण पश्चिम विदर्भात फेरपालट करून जायचं कुठे? जे जे पिकतं ते बहुतेक हिच्या ताटातलंच आहे. पूर्वेकडे झाडीपट्टीत, भंडारा-गोंदिया-गडचिरोलीला, धानाच्या बांधीत पाणी साचून राहतं. ओल्या, चिखलाच्या मातीत हे काळे कण वर्षं काढू शकत नाहीत, काही आठवड्यांतच मरू लागतात. ती जमीन आपोआप धुतली जाते. कोरडवाहू काळ्या जमिनीला ती सोय नाही.

हा प्रश्न काही आपलाच नाही. बांगलादेशात ही बुरशी तागाच्या मागे लागली आहे. तिथल्या मकसुदुल आलम या शास्त्रज्ञाच्या नेतृत्वाखाली २०१२ मध्ये या बुरशीचा संपूर्ण जनुकसंच उलगडला गेला. ज्या देशाचं पीक मरतं त्याच देशानं शत्रूची कुंडली मांडली, याचं मला फार अप्रूप वाटतं. त्या जनुकांत झाडाच्या पेशीभिंती फोडणाऱ्या रसांची मोठी फौजच सापडली. तिकडे कॅलिफोर्नियात मिथाइल ब्रोमाइड हा जमिनीत सोडायचा विषारी वायू ओझोनच्या थराला घातक म्हणून बंद झाला आणि काही वर्षांतच स्ट्रॉबेरीच्या शेतांत ही बुरशी वर आली. ती तिथे आधीपासून होतीच. दाबणारा हात उठला एवढंच.

मग करायचं काय? आधी जे होत नाही ते सांगते. उभ्या पिकात रोग दिसल्यावर पानांवर फवारा मारून तो बरा होत नाही. बुरशी मुळाच्या आणि खोडाच्या आत आहे, फवारा वर राहतो. मोठेबाबांचे दोन फवारे वाया गेले. त्यांच्यासारखे कितीतरी जण त्या महिन्यात उधारीवर औषध आणत होते, आणि ते बघताना मला माझ्या शिक्षणाची लाज वाटली, कारण ते ज्ञान त्या दुकानापर्यंत पोहोचलेलं नव्हतं. दुसरं: उन्हाळ्यात नांगरून जमीन तापू द्या, हा सल्ला किडींच्या कोषांसाठी उत्तम आहे, पण या बुरशीसाठी तेवढा पुरा पडत नाही. कोरडं ऊन तिच्या कणांना सहज मारत नाही. उष्णतेबरोबर ओल असली तर मात्र गणित बदलतं. जोधपूरच्या काजरी या संस्थेत, म्हणजे केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेत, वाळवंटी जमिनीवर काम झालं: मोहरीवर्गी पिकाचा कचरा किंवा ढेप मातीत मिसळून उन्हाळ्यात एक पाणी दिलं, तर कण बरेच कमी झाले. मोहरी कुजताना जो झोंबणारा वायू निघतो तो कणांना सोसत नाही. डोळ्यांत पाणी आणणारा मोहरीचा तोच झणका. मे महिन्यात ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्यानं एका तुकड्यावर करून बघण्यासारखं हे आहे. ज्याला प्यायला टँकर लागतो त्याला मी हे कोणत्या तोंडानं सांगू?

त्याच्या हातात असतं ते पेरणीच्या वेळी. रोगट वावरातलं सोयाबीन घरच्या बियाण्यासाठी ठेवू नये, कारण बुरशी दाण्यातूनही जाते. बीजप्रक्रिया चुकवू नये. कार्बोक्झिन आणि थायरम एकत्र असलेली पावडर किलोला तीन ग्रॅम, किंवा ट्रायकोडर्मा किलोला आठ ते दहा ग्रॅम. ट्रायकोडर्मा ही जिवंत बुरशी आहे, ती दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला विळखा घालून तिला खाते. जिवंत आहे म्हणूनच पुडीवरची तारीख बघावी, आणि पुडी टिनाच्या शेडमध्ये ठेवू नये. मे महिन्यात त्या शेडमध्ये काय शिजतं ते तुम्हाला माहीत आहे. रासायनिक बुरशीनाशकात ती कालवू नये. मुळांवर गाठी करणाऱ्या रायझोबियम जिवाणूंची प्रक्रिया सगळ्यात शेवटी.

आणि दाट पेरू नये. याबद्दल मी घरी भांडले आहे. उगवण कमी होईल या भीतीनं आपण एकरी चार-पाच किलो बी जास्तच टाकतो. शिफारस एकरी तीस किलोच्या आसपासची आहे, दाण्याच्या आकारानुसार थोडं कमी-जास्त. उगवण तपासायची तर घरच्या घरी ओल्या गोणपाटात शंभर दाणे गुंडाळून ठेवले की चार-पाच दिवसांत कळतं. दाट पिकात प्रत्येक झाड शेजारच्याचं पाणी ओढतं. खंड पडला की सगळीच एकदम तहानतात, आणि ही बुरशी नेमकी त्या तहानेची वाट बघत असते. रुंद वरंबा आणि सरी केली तर जास्त पाऊस निघून जातो आणि कमी पावसात ओल टिकते. शेंगा भरताना एक ओलीत मिळालं तर ते कोणत्याही औषधापेक्षा मोलाचं. शेणखत, कंपोस्ट टाकलेल्या जमिनीत ओल धरून राहते आणि या बुरशीशी झगडणारे इतर जीवही वाढतात. कोणत्या वाणावर हा रोग कमी येतो हे दरवर्षी बदलत असतं, ते अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडून किंवा आपल्या जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रातून पेरणीआधी विचारून घ्यावं.

हे सगळं सांगत होते तेव्हा मोठी आई डबा घेऊन आली होती. तिनं तोपर्यंत एकही शब्द काढला नव्हता. मग विचारलं, "हे कायं आपल्याले तं नाही ना लागत? आम्ही बाया रोज यातच हात घालतो."

तिचा प्रश्न बरोबर होता. २०२१ मध्ये कोरोनाच्या लाटेत 'काळी बुरशी' हा शब्द घराघरांत पोहोचला आणि त्या रोगानं जीव घेतले. आधी तेच स्पष्ट करते: ती बुरशी वेगळी, म्युकर कुळातली. तिथे काळं दिसायचं ते मेलेलं मांस. आपल्या खोडातली ही खरोखर काळ्या कवचाची आहे, पण माणसाच्या बाबतीत फार कमकुवत आहे. आयुष्यभर या मातीत राबणारी लाखो माणसं तिला रोज शिवतात, तिची धूळ नाकात जाते, आणि काही होत नाही.

का होत नाही, हे समजून घेणं फार गोड आहे. आपलं शरीर ३७ अंशांवर असतं. बुरश्यांच्या जगात हे तापमान म्हणजे भट्टी. २००९ मध्ये व्हिन्सेंट रॉबर्ट आणि आर्तुरो कासादेवाल या दोन शास्त्रज्ञांनी नेदरलँड्सच्या संग्रहातल्या ४,८०२ बुरशींच्या वाढीचं तापमान तपासलं. ३० ते ४० अंशांच्या दरम्यान प्रत्येक एक अंश वाढला की सुमारे सहा टक्के बुरश्या बाद होत जातात, असं त्यांना दिसलं. आपल्या अंगातली ऊब ही अशी आपली पहिली भिंत आहे. झाडांना, बेडकांना, किड्यांना बुरशीचे रोग फार होतात आणि आपल्याला कमी, त्याचं एक मोठं कारण हेच.

मॅक्रोफोमिना ही भिंत ओलांडू शकते. ज्या मातीत ती वाढते तिथली दुपार अनेकदा ३७ अंशांच्या पुढे जाते. माणसाच्या अंगाची ऊब तिला परकी नाही. पण आत आल्यावर दुसरी भिंत उभी असते, आपली रोगप्रतिकारशक्ती, आणि तिथे ही हरते. तिची हत्यारं झाडाच्या पेशीभिंती फोडायला घडवलेली आहेत. माणसाच्या पांढऱ्या पेशींशी लढायला नाहीत.

म्हणून आजवर जे रुग्ण नोंदले गेले ते बोटांवर मोजण्याइतके, आणि जवळपास प्रत्येकात यातली एखादी भिंत आधीच पडलेली होती. २००८ मध्ये कॅनडातल्या डॉक्टरांनी मूत्रपिंड रोपण झालेल्या एका रुग्णाच्या शरीरात ही बुरशी पसरल्याचं प्रसिद्ध केलं. रोपण केलेलं मूत्रपिंड शरीरानं नाकारू नये म्हणून अशा माणसाची प्रतिकारशक्ती औषधांनी मुद्दाम खाली ठेवलेली असते. २००९ मध्ये अमेरिकेत रक्ताच्या कर्करोगावर उपचार चालू असलेल्या एका लहान मुलाच्या त्वचेवर ती सापडली. आणि २०१२ मध्ये चेन्नईतल्या डॉक्टरांनी ती डोळ्यात सापडल्याची नोंद केली. अशा वेळी तिला ओळखणं अवघड जातं, कारण प्रयोगशाळेच्या बशीत ती भराभर वाढून काळीभोर होते, पण बहुधा बीजाणू देत नाही. बीजाणूंचा आकार बघून बुरशी ओळखायची नेहमीची रीत तिथे चालत नाही. जनुकांचा क्रम वाचावा लागतो.

डोळाच का, याचंही उत्तर तापमानात आणि रक्तात आहे. डोळ्याचा समोरचा पारदर्शक पडदा, पारपटल, उघड्यावर असल्यानं अंगापेक्षा दोन-तीन अंशांनी थंड असतो. आणि तो पारदर्शक राहावा म्हणून त्यात रक्तवाहिन्याच नसतात. म्हणजे तिथे ऊब कमी आणि लढायला येणाऱ्या पेशींची वाट लांबची. त्या पडद्याला काडीनं, कुसानं, धसकटानं ओरखडा पडला की दार उघडं. त्यातून मॅक्रोफोमिना जाईल ही शक्यता फार कमी. पण फ्युजेरियम आणि ॲस्परजिलस या मातीतल्याच बुरश्या त्याच वाटेनं जातात, आणि आपल्या देशात शेतात राबणाऱ्यांची दृष्टी त्या दरवर्षी घेतात. आपण म्हणतो 'डोळ्यात फूल पडलं'. त्यातली कितीतरी फुलं अशा एका काडीपासून सुरू झालेली असतात.

हे सांगितल्यावर मोठी आई गप्प झाली. तिच्या भावजयीचा एक डोळा तसाच गेला होता, सोंगणीच्या दिवसांत. कुणीतरी जिभेनं कचरा काढला, मग कुणी अंगावरचं दूध घातलं, मग औषधाच्या दुकानातून थेंब आणले. लाली दोन दिवस कमी झाली, म्हणून सगळे निर्धास्त झाले. त्या थेंबांत काय होतं हे आता कळायचा मार्ग नाही. पण अशा लाल डोळ्यांसाठी सहज मिळणाऱ्या काही थेंबांत स्टेरॉइड असतं, आणि स्टेरॉइड लाली घालवतं तसं डोळ्याची लढायची ताकदही घालवतं. बुरशीला आत मोकळं रान मिळतं.

म्हणून सोंगणी आणि थ्रेशरच्या दिवसांसाठी एवढं सांगते. थ्रेशरच्या तोंडाशी उभा राहणारा, पेंढ्या सरकवणारा, कुटार म्हणजे भुसा ओढणारा, या तिघांनी बाजूनं बंद असलेला साधा प्लास्टिकचा चष्मा घालावा. रोगट सोयाबीनच्या खोडातली ती काळी पूड त्या धुळीत उडतच असते. डोळ्यात गेलंच तर चोळू नये, स्वच्छ पाण्यानं धुवावं. दुसऱ्या दिवशीही टोचत असेल, उजेड सहन होत नसेल, बुबुळावर पांढरा किंवा राखाडी ठिपका दिसत असेल, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जावं, जवळ नसेल तर सेवाग्राम किंवा नागपूरचं मोठं रुग्णालय गाठावं. तिथे पारपटलावरचा कण खरवडून, पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. बुरशीचे धागे असतील तर बहुधा तिथल्या तिथे दिसतात. मग नाटामायसिनसारखे बुरशीवरचे थेंब आठवडेच्या आठवडे टाकावे लागतात, सुरुवातीला तर तासातासाला. सोंगणीच्या हंगामात हे करणं किती कठीण आहे ते मला ठाऊक आहे. तरी मधे सोडू नये.

आणि डॉक्टरांसमोर बसल्यावर पहिलं वाक्य हे असावं: "सोयाबीनचं कुटार डोळ्यात गेलं होतं." कुठली काडी, किती दिवसांपूर्वी, मधे कोणते थेंब टाकले, ते सगळं. बाया 'काही नाही, असंच लाल झालं' म्हणतात, कारण सासरी कामाचा खोळंबा केल्याचा बोल नको असतो. तेवढी एक गोष्ट न सांगितल्यानं डॉक्टर बुरशीऐवजी जिवाणूंचा उपचार करत राहतात आणि पहिला आठवडा हातचा जातो.

मोठेबाबांनी पुढच्या वर्षी त्या चढावर सोयाबीन पातळ पेरलं. थ्रेशर आला त्या दिवशी मोठी आई चष्मा लावून गंजीजवळ उभी होती, आणि पेंढ्या सरकवणाऱ्या दोघींच्याही डोळ्यांवर तिनं आदल्या संध्याकाळी आणून ठेवलेले चष्मे होते.